क्लिनिक सांभाळून पीएचडी करावी का? (ऑक्युपेशनल थेरपी, अंबाजोगाई)

अंबाजोगाई_ओटी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी). बीओटीएच आणि एमओटीएच, म्हणजे ओटीची पदवी आणि पदव्युत्तर पदवी, दोन्ही नागपूरला झालं, त्याला आता अकरा वर्षं झाली. अंबाजोगाईत दोन खोल्यांचं क्लिनिक आहे आणि गुरुवारी केजला एका संस्थेच्या केंद्रावर जाते. बहुतेक लेकरं सेरेब्रल पाल्सीची (सीपी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेली), थोडी ऑटिझमची. अधूनमधून अर्धांगवायूचे आजोबा येतात. अजूनही निम्मे लोक विचारतात, "फिजिओ पाय चालवतात, मग तुम्ही काय करता?" मी सांगते, चालायला लागलेला माणूस मोरीपर्यंत जाऊन स्वतःच्या हाताने तांब्या उचलतो का, ते बघणं माझं काम.

तर पीएचडी करायचं डोक्यात आहे. तीन वर्षांपासून आहे, पण फॉर्म भरायची वेळ आली की काहीतरी निघतं. एकदा सासऱ्यांचं ऑपरेशन, एकदा क्लिनिकची जागा बदलली. सासूबाईंचं म्हणणं, "लोक तुला डॉक्टरीणबाई म्हणायलेतच की, आता अजून काय व्हायचंय?" नवरा काही म्हणत नाही, फक्त ईएमआयचा मेसेज आला की फोन माझ्यासमोर धरतो. मुलगा तिसरीत आहे.

कारण सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

माझ्याकडे येणाऱ्या लेकरांपैकी बरीच ऊसतोड कामगारांची आहेत. केज, धारूर, वडवणी. जून ते सप्टेंबर माझी ओपीडी भरलेली असते. आया नियमाने आणतात, हात उघडायला लागतो, मान धरायला लागते. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि लेकरू गायब. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं तेव्हा आम्ही जिथून सुरुवात केली होती त्याच्याही मागे गेलेलं असतं. एका सहा वर्षांच्या पोराला हाताचा स्प्लिंट (हात नीट धरून ठेवणारा आधार) करून दिला होता. थर्मोप्लास्टिकची शीट मी पदरचे पैसे घालून आणली होती. एप्रिलमध्ये आई तो पिशवीतून घेऊन आली, पापडासारखा वाकडा झालेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांखाली उन्हात राहिला होता. ती रडवेली झाली, आणि मला माझीच लाज वाटली. साठ-सत्तर अंशाला मऊ पडणारी वस्तू मी उघड्यावर राहणाऱ्या घरात दिली होती. त्यानंतर पीव्हीसी पाइप तापवून स्प्लिंट करते. दिसायला ओबडधोबड, पण निदान हंगामभर टिकतो.

आणि त्याच एप्रिलमध्ये दुसऱ्या एका आईनं मोबाइलवर फोटो दाखवला. कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, बाजूला तिनं जमिनीत एक छोटा खड्डा खणला होता, आत पोतं अंथरलं होतं आणि लेकराला कमरेपर्यंत त्यात बसवलं होतं. कंबर घट्ट धरलेली, पाठ टेकलेली, दोन्ही हात मोकळे, हातात उसाचं वाढं. आम्ही कॉलेजात ज्याला कॉर्नर सीट म्हणून शिकलो ते तिनं खुरप्यानं केलं होतं. फुकटात. मी तिला विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, "कुणी कशाला, सारखं कलंडायलं होतं."

तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही. हंगामातले ते सहा महिने थेरपी कशी चालू ठेवायची, हाच माझा प्रश्न आहे.

आता अडचणी. मी शोधलं तेवढ्यात मला जवळपास गाईड सापडला नाही. ज्या एका ठिकाणी बोलले तिथं मला सांगितलं, "लॉस टू फॉलोअप फार होईल, म्हणजे मुलं मध्येच सुटतील, विषय बदला, शहरातल्या शाळेतली मुलं घ्या." दुसरं, क्लिनिक बंद ठेवून फुलटाइम करणं शक्य नाही. तिसरं, अमेरिकेतली ऑनलाइन ओटीडी (ओटीतली डॉक्टरेट) करता येते असं एका मैत्रिणीनं सांगितलं. ती आणि पीएचडी एकच का? आणि शेवटचं, खरं सांगा, चाळिशीच्या तोंडावर हे करण्यात अर्थ आहे का?

मूळचा_नांदेडचा यांचं उत्तर

ताई, मी ओटीमध्येच पीएचडी केली, मुंबईत नोकरी करता करता. सहा वर्षं लागली. अर्थ आहे का, हे मला विचारू नका, माझ्या बायकोला विचारा.

आधी कागदाचं. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022 चे पीएचडीचे नियम वाचून काढा, आणि मग ज्या विद्यापीठात जाणार त्यांची स्वतःची नियमावली. आरोग्य विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि वेळापत्रक वेगळं असतं. यूजीसीच्या नियमांत पार्टटाइम पीएचडी चालते. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुढे पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळतात आणि महिलांना आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. मास्टर्सला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट. पार्टटाइमला नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र लागतं, की अभ्यासाला वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू. तुमचं क्लिनिक तुमचंच, म्हणजे तुम्हीच तुम्हाला ना हरकत द्यायची! हसू नका, आमच्या एका सहकाऱ्याचा अर्ज याच मुद्द्यावर दोन महिने अडकला होता. कोणत्या नमुन्यात द्यायचं ते आधीच लेखी विचारा. आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएचडी हे नियम मान्य करत नाहीत, तशी जाहिरात दिसली तर पुढे जा.

गाईड ठरवताना त्यांचं ज्ञान नंतर बघा, आधी निवृत्तीची तारीख बघा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मग जागा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार. आपल्या विषयात मुळात माणसं कमी. 1950 मध्ये कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ओटीची शाळा काढली, 1952 मध्ये ओटीचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक देशांत होता, आणि आज बीड जिल्ह्यातली मुलगी गाईड शोधत फिरते. असो. सहमार्गदर्शक बाहेरचा घेता येतो, त्याचा उपयोग करा. सामाजिक आरोग्य किंवा बालरोग विभागातला माणूस तुमच्या विषयाला ओटीवाल्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता विषयाचं. ज्यांनी तुम्हाला विषय बदला म्हटलं त्यांच्याशी मी सहमत नाही, पण ते का म्हणाले ते कळतं. तुम्ही साधा दोन गटांचा ट्रायल मांडलात तर डिसेंबरात तुमच्या हातात कोरे फॉर्म राहतील. पण टोळ्या एकाच दिवशी निघत नाहीत ना? कुणी दसऱ्याला, कुणी दिवाळीनंतर. मग मल्टिपल बेसलाइन डिझाइन वाचा. प्रत्येक लेकराची तुलना त्याच्या स्वतःशीच होते आणि उपचार वेगवेगळ्या तारखांना सुरू होतो. जे इतरांना खोट वाटते तेच तुमचं वेळापत्रक होईल. अडचण एवढीच, की समितीत बसलेल्यांना मोठा आकडा आवडतो. दहा-बारा लेकरं म्हटल्यावर भुवया उंचावतील. उत्तर तयार ठेवा.

साधनांत एमएसीएस (सीपीची मुलं हात किती वापरतात त्याच्या पातळ्या) वर्गीकरणासाठी ठीक आहे, पण ते बदल मोजत नाही. बदल मोजायला सीओपीएम ही मुलाखतीची पट्टी घ्या. आईला काय हवंय तिथून ते सुरू होतं. दहापैकी गुण द्यायचे असतात आणि दोन गुणांचा फरक हा अर्थपूर्ण मानतात. मराठी रूपांतर वापरायचं तर हक्कधारकांची परवानगी घ्या, नाहीतर शेवटच्या वर्षी तो मुद्दा निघतो. आणि उपचाराचा अभ्यास असेल तर पहिलं लेकरू घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी. 1 एप्रिल 2018 पासून नंतर केलेली चालत नाही.

होम प्रोग्रॅमवर आयोना नोव्हाक यांचं काम शोधा. 2009 मध्ये त्यांनी दाखवलं की आठ आठवड्यांच्या घरगुती कार्यक्रमानेही सीपीच्या मुलांत फरक पडतो. फक्त ती घरं ऑस्ट्रेलियातली आहेत, भिंती असलेली.

लातूर_फिजिओ

मी तिसऱ्या वर्षी सोडली. थोडक्यात सांगतो.

विषय माझा नव्हता. गाईडकडे एक उपकरण पडून होतं, त्यावर कुणीतरी काम करायला हवं होतं, मी सापडलो. 120 रुग्ण घ्यायचे होते, 41 वर आलो. दर सहा महिन्यांनी समितीसमोर सादरीकरण, त्यासाठी दोन दिवस दवाखाना बंद. दवाखाना दोन दिवस बंद राहिला की पेशंट समोरच्या गल्लीत जातो आणि परत येत नाही. फी, प्रवास, लॉजचा खर्च मी लिहून ठेवला होता, ती वही बायकोने लपवली.

पश्चात्ताप आहे का? निम्मा. कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्र शिकलो ते रोज कामाला येतं. आता कुणी औषधवाला आलेख घेऊन आला की मी पहिल्यांदा त्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघतो.

ताई, तुमच्याकडे तो खड्ड्याचा फोटो आहे. माझ्याकडे तसं काही नव्हतं.

परभणी_ते_ओहायो

ओटीडीबद्दल मी सांगते, मी तीच केली आहे.

ओटीडी ही क्लिनिकल डॉक्टरेट. पीएचडी म्हणजे नवं ज्ञान तयार करणं, ओटीडी म्हणजे असलेलं ज्ञान कामात आणणं, नेतृत्व, कार्यक्रम आखणं वगैरे. इथे एन्ट्री लेव्हल ओटीडीत शेवटी 14 आठवड्यांचा कॅपस्टोन, म्हणजे समारोपाचा प्रकल्प, असतो. आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी पोस्ट-प्रोफेशनल ओटीडी असते, ती बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन होते. तुमची मैत्रीण तीच म्हणत असेल. 2017 मध्ये इथल्या मान्यता मंडळाने ठरवलं होतं की 2027 पासून या व्यवसायात यायला डॉक्टरेटच लागेल. एवढा गोंधळ झाला की पुढच्याच वर्षी ते थांबवलं आणि 2019 मध्ये मास्टर्स आणि डॉक्टरेट दोन्ही दारं उघडी राहिली. मी त्या घाईत डॉक्टरेट घेतली. माझा पगार त्यामुळे वाढला नाही. शेजारच्या टेबलावरची मास्टर्सवाली आणि मी तेच काम करतो.

तुम्हाला भारतात शिकवायचं असेल किंवा पुढे गाईड व्हायचं असेल तर ओटीडी पीएचडीची जागा घेईल असं गृहीत धरून डॉलर भरू नका. आधी समकक्षतेचं लेखी उत्तर मिळवा. आणि तुमचा प्रश्न ऐकून वाटतं की तुम्हाला डिग्रीपेक्षा उत्तर हवंय. उत्तर ओटीडीत मिळत नाही, तिथे प्रकल्प मिळतो.

बाकी "कलंडायलं होतं" वाचून गलबलून आलं. इथे कुणी असं बोलत नाही हो.

केज_शाळा

मी थेरपिस्ट नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. मी पाचवीपर्यंत दरवर्षी गेले, नंतर आजीजवळ राहिले. म्हणून चार गोष्टी लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

मॅडम, तुम्ही सगळे "आई, आई" म्हणताय. हंगामात आई लेकराजवळ नसते. पहाटे चारला फडात जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई घरी थांबली तर कोयता अर्धा होतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. कोपीवर लेकराजवळ थांबते ती मोठी बहीण. आठ, नऊ, दहा वर्षांची. मी थांबत होते. माझ्या धाकट्या भावाला पाय नव्हते धरत, त्याला काय झालं होतं ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी त्याला उचलून झाडाच्या सावलीबरोबर सरकवायची. सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. तो गेला, मी सातवीत होते तेव्हा.

तुम्ही आईला व्यायाम शिकवून पाठवता. ती बिचारी हो हो म्हणते. करणार कोण?

दुसरं. सह्या घ्यायला दसऱ्याच्या तोंडावर येऊ नका. त्या वेळी मुकादमाच्या उचलीचे व्यवहार चालू असतात, माणूस कोणत्याही कागदावर अंगठा देतो. त्याला वाटतं सरकारी योजना आहे, नाही दिला तर नाव कटेल. मुकादमाला मध्ये घालून तर अजिबातच नको. तो म्हणाला तर सगळे हो म्हणतील, आणि ते हो खरं नसेल. श्रावणात या. पेरण्या झालेल्या असतात, माणूस बसून बोलतो.

तिसरं, तुम्ही म्हणता लेकरू गायब होतं. तुमच्यासाठी गायब होतं. टोळी फड बदलत राहते, पण कारखाना ठरलेला असतो आणि पुष्कळदा दरवर्षी तोच असतो. गावातल्या कुठल्याही पोराला विचारा, कोण कुठल्या कारखान्यावर आहे ते सांगेल. फोनवर रेंज असते, चार्जिंग नसतं. रात्री आठ ते नऊ लावा, ट्रॅक्टरवाल्याकडे चार्ज केलेला असतो.

आणि दहापैकी गुण मागू नका. माझ्या आईला अजून समजत नाही. तिला विचारा किती आणे फरक पडला. बरोबर सांगेल, सहा आणे की बारा आणे.

मूळचा_नांदेडचा

केज_शाळा, मी सहा वर्षं संशोधन केलं आणि ही सावलीची गोष्ट मला कधी सुचली नसती. नमस्कार घ्या.

ताई, आण्यांची पट्टी गमतीची वाटली तरी गंभीरपणे घ्या. सोळा पायऱ्यांची पट्टी आहे ती. पण थेट दहाच्या जागी घालू नका, मूळ साधन बदललं की त्याचे दोन गुणांचे निकष लागू होत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी वापरून बघा. कदाचित तुमचा पहिला शोधनिबंध तोच असेल.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. काळजी घेणारी जर नऊ वर्षांची मुलगी असेल, तर तीही तुमच्या अभ्यासात आली. पालकांची संमती लागेल आणि तिचा स्वतःचा होकारही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात ते बारा वयाला तोंडी होकार सांगितलाय. नैतिकता समिती पहिला प्रश्न हाच विचारेल, की तुम्ही मुलीवर आणखी काम टाकताय का. आणि तो प्रश्न बरोबर आहे.

अंबाजोगाई_ओटी

काल रात्री हे सगळं वाचलं आणि झोप लागली नाही. अकरा वर्षांच्या माझ्या केस पेपरांत "काळजी घेणारी व्यक्ती" या रकान्यात मी प्रत्येक ठिकाणी "आई" लिहिलंय. सकाळी क्लिनिकला जाऊन जुने कागद काढले. एकाही कागदावर भावंडांची वयं नाहीत. विचारलीच नव्हती. ज्या मुली आईच्या पदराला धरून ओपीडीत उभ्या असायच्या, त्यांना मी खेळणी देऊन कोपऱ्यात बसवायचे, म्हणजे मध्ये येणार नाहीत.

नांदेडकर सर, तुम्ही म्हणता तो समितीचा प्रश्न मलाही पडला. मी तिला स्ट्रेचिंग शिकवणार नाही. ती जे करतेच आहे, म्हणजे उचलणं, भरवणं, सावलीबरोबर सरकवणं, तेच तिच्या कमरेला कमी त्रास होईल आणि लेकराचा हात चालेल असं कसं करता येईल, एवढंच बघायचं. दिवसाला एक मिनिटही वाढता कामा नये. वाढलं तर उपचार चुकला, असं मी प्रस्तावातच लिहिणार आहे. हे मोजायचं कसं ते अजून कळत नाही.

लातूरचे सर, खर्चाची वही सापडली तर फोटो टाका. नवऱ्याला दाखवायची आहे.

ओहायोच्या ताई, ओटीडी बाद. आभार.

यंदा फॉर्म भरत नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग एवढा रात्रभर फोन कशाला बघायलीस?" यंदाच्या श्रावणात दोन गावं फिरायची, नुसतं बसून बोलायचं, कागद न काढता. सामाजिक आरोग्यातल्या एका मॅडमना सहमार्गदर्शक व्हाल का म्हणून विचारलंय, त्यांनी दोन पानं लिहून आणा म्हटलंय. पुढच्या वर्षी परीक्षा.

केज_शाळा, तुमच्या गावी बुधवारी आले तर चालेल का? त्या दिवशी माझं क्लिनिक बंद असतं.

केज_शाळा

बुधवारी आमच्याकडे बाजार असतो, कुणी सापडायचं नाही. गुरुवारी तुम्ही केजला येताच ना, तिथून पुढे या, दुपारी चारनंतर. माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी आहे, तिचा भाऊ तुमच्याकडेच येतो बहुतेक. तिला थांबवून ठेवते. खाऊ आणू नका, लाजते. खडू आणा.